हाय-एंड ऑडिओवाल्यांना, दीपनगरहून

मुंबई-पुण्यातल्या हाय-एंड ऑडिओ दालनांचे मालक, व्यवस्थापक आणि डेमो देणारी तरुण मंडळी यांस,



हे पत्र दीपनगरहून लिहितो आहे. तालुका भुसावळ, जिल्हा जळगाव. तुमच्याकडे पत्ता सांगितला की “म्हणजे नाशिकजवळ का?” असं हमखास विचारतात, म्हणून आधीच सांगतो. नाशिक मागे टाकायचं, मनमाड, चाळीसगाव, जळगाव करत भुसावळ जंक्शनला उतरायचं. मुंबईहून हा पल्ला सुमारे साडेचारशे किलोमीटरचा. महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. माझी सगळी नोकरी या केंद्राच्या विद्युत देखभाल विभागात झाली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं, फेकरीच्या बाजूला घर बांधलं, पण कुणी गाव विचारलं की तोंडून दीपनगरच येतं.

टर्बाइनच्या घरघरीत आयुष्य काढलेल्या माणसाला चांगल्या आवाजाचा शौक का लागावा, हे मला सांगता येणार नाही. लागला खरा. आधी रेडिओ, मग टू-इन-वन, मग कॅसेट डेक, सीडी, आणि आता उतारवयात पुन्हा रेकॉर्ड प्लेअर. ऐकायला वेगळी खोली नाही. घरचा हॉल तीच माझी खोली, आणि सौ.ची मालिका संपली की माझी पाळी. तुमच्याकडून जे काही घेतलं ते पगारातून आणि नंतर ग्रॅच्युइटीतून बाजूला काढून घेतलं. या पत्रात कुठल्याही दुकानाचं नाव घेणार नाही. तक्रार एकाच दुकानाची असती तर पत्र त्या दुकानाला टपालाने गेलं असतं, असं चारचौघांत लिहिलं नसतं.

सुरुवात दारापासून करतो. डेमोची खोली एकच असते, वेळ लागतो, म्हणून आधी अपॉइंटमेंट घ्या म्हणता, ते मान्य. पण ती घेऊन, रात्रीच्या गाडीने येऊन, दुकान उघडायची वाट बघत बाहेर चहा पिऊन आत आलेल्या माणसाला पहिला प्रश्न काय? “बजेट किती आहे, अंकल?” खोली केवढी आहे, भिंती कशाच्या, काय ऐकता, सध्या घरी काय वाजतं, यातलं काहीच नाही. आमचा हॉल बारा बाय चौदाचा. वर स्लॅब, खाली फरशी, भिंतींना सिमेंटचा गिलावा. चौदा फुटांच्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज घुमत राहतो, हे साधं गणित आहे आणि ते तुम्हाला माझ्याहून चांगलं येतं. अशा हॉलमध्ये कमरेइतके उंच स्पीकर ठेवले तर ढोलकी वाजली काय आणि पखवाज वाजला काय, ऐकू येणार एकच. तरी मला दाखवले जातात ते कमरेइतकेच, कारण मी बजेट सांगितलेलं असतं आणि ते त्या बजेटमध्ये बसतात.

आणि किंमत? ती कुठे लिहिलेलीच नसते. जळगावच्या सराफ बाजारात कधी आला असाल तर बघितलं असेल. कापूस विकून धोतर-टोपीत आलेल्या शेतकऱ्यालाही बसवतात, पाणी देतात, आणि आजचा भाव फळ्यावर लिहिलेला असतो. घासाघीस होते ती मजुरीवर. तुमच्याकडे किंमत विचारली तर आधी माझ्या चपलेकडे नजर जाते आणि मग “सर, आधी ऐका तर खरं.” आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असावी, असं वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ सांगतात. खोकं गोदामात असतं आणि वस्तू फळीवर, तेव्हा छापलेली किंमत गिऱ्हाइकाच्या नजरेस पडतच नाही. मग एकाच अँपची तीन दुकानांत तीन भावांत बोली होते. वर हळू आवाजात “बिल नको असेल तर बघू या” असंही कानावर येतं. बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, एवढंच नम्रपणे नमूद करतो. जपानच्या बाजारासाठी बनलेला १०० व्होल्टचा अँप, सोबत एक ट्रान्सफॉर्मर आणि ‘शॉप वॉरंटी’ नावाची तोंडी गोष्ट, हा मामला त्याच जातीचा.

आता डेमो. याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खरं दुखणं इथे आहे.

तुमच्या दालनात शिरलं की ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ वाजतं. ईगल्सचं, १९९४ चं लाइव्ह. ध्वनिमुद्रण उत्तम आहे, वाद नाही. सुरुवातीचा तो ठोका पोटात बसतो. पण मी ते घरी ऐकत नाही. मी माझ्या रेकॉर्डी पिशवीत घालून आणतो. किशोरीताई, कुमारजी, बालगंधर्व, अब्दुल करीम खाँसाहेब. ती पिशवी बघितली की डेमो देणारा मुलगा हसतो आणि म्हणतो, “अंकल, ही रेकॉर्डिंग्ज जुनी आहेत, सिस्टिमला न्याय मिळणार नाही.” चार लाखांच्या सिस्टिमला न्याय मिळावा म्हणून मी गाणं बदलायचं!

मुला, रागावू नकोस, पण या जुन्या गाण्यांइतकी कडक परीक्षा तुझ्या डेमोच्या यादीत नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा असतो, त्यामुळे एका तारेतून सुरांचा अख्खा पिसारा फुलतो. ट्विटर कर्कश असेल तर तो नुसता झणझणतो, सुस्त असेल तर दिसेनासा होतो. डग्ग्यावर मनगट सरकलं की सूर वर चढतो. सैल खर्जाच्या स्पीकरमध्ये तिथे फक्त धप एवढंच कळतं. आणि खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत खरखर आहेच, पण मधला पट्टा प्रामाणिक असला की ती खरखर मागे सरते आणि गळा पुढे येतो. हे ज्या स्पीकरवर घडतं तो मला हवा आहे. बाकी गोष्टी तू माहितीपत्रकातून सांगतोसच.

खान्देशातून आलेला माणूस म्हणजे लग्नातल्या डीजेवर वाढलेला, असाही एक समज तुमच्याकडे दिसतो. डीजे आहे, नाकारत नाही. पण बालगंधर्व लहानपणी जळगावातच मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेत होते. त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह जळगावात आहे, त्यांच्याच नावाचा संगीत महोत्सव इथे जानेवारीत भरतो आणि त्याला खुर्च्या भरतात. तेव्हा गाणं काय असतं हे आम्हाला समजावून सांगायची घाई नको.

डेमोतली आणखी एक खोड. दोन स्पीकर शेजारी ठेवून तुलना करताना महागड्याचा आवाज कणभर मोठा ठेवलेला असतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये बेल लॅबोरेटरीत दाखवून दिलं होतं की आवाजाची पातळी बदलली की कानाला खर्ज आणि टीप यांचं वजन वेगळं जाणवतं. आवाज वाढवला की खर्ज भरतो, गाणं भरदार वाटतं. एक डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘चांगला’ म्हणून कळतो. मुद्दाम करता असं म्हणत नाही, दोन स्पीकरांची संवेदनशीलता वेगळी असली तर आपोआपही होतं. पण पातळी जुळवून घेणं तुमचं काम आहे. हल्ली मी मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप ठेवतो. ते उघडलं की खोलीतलं वातावरण जरा बदलतं.

केबलचा विषय काढतो. इथे माझी नोकरी मधे येणार, तेवढं चालवून घ्या.

एका दालनात मला सांगण्यात आलं, “सर, आपल्याकडे वीज घाण असते. ही पॉवर केबल लावा, बॅकग्राउंड एकदम काळं होईल.” केबल दीड मीटरची. किंमत माझ्या महिन्याच्या पेन्शनहून जास्त. मी विचारलं, वीज कुठून येते माहीत आहे का? तो म्हणाला, “बोर्डातून.” उत्तर चूक नव्हतं, अर्धवट होतं. आमच्या ५०० मेगावॉटच्या संचात जनरेटर साधारण २१ हजार व्होल्टला वीज तयार करतो. ती ४ लाख व्होल्टपर्यंत चढवतात. मग पोलादी गाभ्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारांवरून शेकडो किलोमीटर, एका उपकेंद्रातून दुसऱ्या उपकेंद्रात, उतरत उतरत ११ हजारांवर, मग गल्लीतल्या डीपीवर, मग मीटर, एमसीबी, आणि भिंतीतली इलेक्ट्रिशियनने ओढलेली अडीच एमएमची वायर. एवढ्यानंतर तुमची दीड मीटर. आणि तिच्यापुढे पुन्हा अँपमधला ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि कपॅसिटर, ज्यांचं कामच मुळी येईल त्या विजेची स्वच्छ डीसी करणं हे आहे. तो अँप केबलवाचून ते करू शकत नसेल तर मी केबल का घ्यावी, अँपच परत का देऊ नये?

विजेच्या खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत. व्होल्टेज वर-खाली होतं. वळवाच्या पावसात वीज कडाडली की सर्ज येतो. आणि अर्थिंग. आमच्याकडे कितीतरी घरांत अर्थची तार बोर्डात नुसती लोंबकळत असते, तीन पिनांतली तिसरी पिन शोभेची. स्पीकरमधून येणाऱ्या गुणगुणाटाचं कारण पुष्कळदा तिथे सापडतं. मला आजवर तुमच्यापैकी एकानेही “अर्थिंग तपासलं आहे का?” असं विचारलेलं नाही. कदाचित त्यात विकण्यासारखं काही नाही म्हणून.

स्पीकरच्या तारेचंही तसंच. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीन मीटर तारेचा जाऊन-येऊन रोध ०.०४ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हा अर्धा टक्का. त्यापुढचा फरक तुम्हाला ऐकू येत असेल तर मी खोटं म्हणणार नाही. हौसेला मोल नसतं हे मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. जरूर विका. फक्त एक करा. मी पाठ फिरवून बसतो, तुम्ही न सांगता तारा बदला. ओळखता आली तर घेतो. हे मी सुचवलं तेव्हा मला सांगण्यात आलं की अशा चाचणीत कानावर ताण येतो.

यापुढचा भाग वॉरंटीचा. आयात केलेला इंटिग्रेटेड अँप, पक्कं बिल, भरलेलं वॉरंटी कार्ड. मे महिन्यात, मुदतीच्या आत, डावा चॅनल गेला. दुकानात फोन केला. व्हॉट्सअ‍ॅप करा. केला. डिस्ट्रिब्युटरला कळवलं आहे. मूळ खोक्यातच पाठवा. खोकं माळ्यावर जपून ठेवलं होतं. ते काढलं, वीस किलोंच्या वरचं ते धूड भुसावळच्या ट्रान्सपोर्टला नेऊन दिलं. जाण्या-येण्याचा खर्च माझा. मग शांतता. मी फोन करायचो, “पार्ट यायचाय” हे उत्तर मिळायचं. पावसाळा लागला तेव्हा ईमेल आला: सभोवतालचं जास्त तापमान आणि धूळ यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही.

भुसावळचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळिशी ओलांडतो ही काही गुप्त बातमी नाही, पेपरात रोज छापून येते. धुळीचंही तेच. वीज केंद्राची राख वेल्हाळ्याच्या राखेच्या तलावात जाते आणि उन्हाळी वाऱ्यावर उडते. ती पंख्यावर बसते, पुस्तकांवर बसते, अँपच्या जाळीतून आत जाते. पुष्कळ अँपच्या पुस्तिकेत, मागच्या पानांवर बारीक टायपात, चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश असं छापलेलं असतं. अख्ख्या खान्देशात एप्रिल-मेमध्ये दुपारी असं घर एसीशिवाय सापडणार नाही. हे मला विकताना का सांगितलं नाही? उलट मला क्लास-ए अँपची गोडी लावली. हा प्रकार निम्म्याहून जास्त वीज उष्णता म्हणून बाहेर टाकतो, गाणं चालू असो की बंद. बिलावर माझा पत्ता होता. पत्ता वाचून ‘काका, तुमच्या गावाला हा नको, थंड चालणारा घ्या, मागे हात-दीड हात जागा सोडा’ असं म्हणणारा एक जण हवा होता. शेवटी पैसे भरूनच दुरुस्ती झाली. काय बदललं याची यादी मागितली, ती मिळाली नाही. जुना भाग परत मागितला, तोही नाही.

याच उन्हाळी मोसमात इकडच्या लग्नांत आमचा मंडप-साउंडवाला काय करतो ते सांगतो. हळदीच्या रात्री अँप बसला की फोनवर तो पावती नंबर विचारत नाही. पोराला मोटरसायकलवर मागे बसवतो, पोराच्या मांडीवर दुसरा अँप, आणि येतो. “काका, आधी कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मशीनचं सकाळी बघू.” बिघडलेलं मशीन दुसऱ्या दिवशी भुसावळात उघडलं जातं, ट्रान्झिस्टर इथेच मिळतो, संध्याकाळी ते पुन्हा दुसऱ्या मांडवात. त्याचा आवाज तुम्हाला सहन होणार नाही. रात्री दहानंतर आम्हालाही होत नाही. पण सेवा कशाला म्हणतात हे त्याला कळतं, आणि त्याच्या दुकानाला काचेचं दारसुद्धा नाही.

कायद्याचा धाक घालायचा नाही, तरी माहीत असलेलं बरं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार गिऱ्हाईक जिथे राहतं तिथे तक्रार करू शकतं. तुमच्या बिलाखाली ‘फक्त मुंबई न्यायक्षेत्र’ छापलेलं असलं तरी माझ्यासाठी जळगावचा जिल्हा आयोग आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळही सदोष मालाला लागू नाही. बिलात मुदत नसेल तर कायदा ३० दिवस धरतो. मी तक्रार केली नाही. या वयात तारखा मोजायची इच्छा नाही, आणि माझा राग एका अँपपुरता नाही.

तुमच्याही अडचणी आहेत, त्या दिसत नाहीत असं नाही. मुंबईतल्या जागेचं भाडं, महिन्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी विक्री, आणि दोन तास ऐकून जाणारा माणूस तोच स्पीकर दुबईहून भावाकरवी मागवतो. डेमो देणाऱ्या मुलाचा पगार कमिशनवर, तेव्हा तो बजेटच विचारणार. म्हणूनच पुण्यातले एक वयस्क दुकानदार मला विसरता येत नाहीत. माझ्या टर्नटेबलची सुई तिरकी बसली होती. त्यांनी दुपारभर भिंग लावून कार्ट्रिज सरळ केलं, काट्यावर सुईचा भार दोन ग्रॅमच्या जवळ आणला, आणि मी महागडं कार्ट्रिज घ्यायला निघालो तर म्हणाले, “हेच अजून पाच वर्षं चालेल, पैसे रेकॉर्डीत घाला.” त्या दिवशी त्यांची विक्री शून्य. त्यानंतर या भागातून जो कुणी मला विचारतो त्याला मी त्यांच्याकडेच धाडतो.

तेव्हा मागणं काय, तर फार नाही. फळीवरच्या प्रत्येक वस्तूखाली किंमत लिहा. डेमोला माझी रेकॉर्ड लावा आणि पातळी जुळवून लावा. डेमोचे पैसे घ्या हवे तर, खरेदीत वळते करा, म्हणजे तुमचा वेळ फुकट जाणार नाही आणि माझ्या मानेवर ओझं राहणार नाही. विकण्याआधी खोलीचं माप, गावचं तापमान आणि अर्थिंग विचारा. वॉरंटीत येण्या-जाण्याचा खर्च कुणाचा, दुरुस्ती किती दिवसांत, तोवर बदली अँप मिळणार का, हे बिलाच्याच कागदावर लिहून द्या, फोनवर नको. नाशिक, जळगाव, धुळे या पट्ट्यात एखाद्या चांगल्या मेकॅनिकला सर्किटचे नकाशे आणि सुटे भाग देऊन अधिकृत करा. दुरुस्तीचा हक्क म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टलही काढलं आहे, त्यात तुमच्या कंपन्यांची नावं दिसू द्या. आणि कोलकात्याचे सोनोडाइन, दिल्लीचे लिरिटा, कोचीचे रेथम असे आपल्याच देशात बनवणारे लोक आहेत. ते विचारल्यावरच आठवतात, असं नको.

एक शेवटची विनंती. जानेवारीत बालगंधर्व महोत्सवाच्या दिवसांत दोन-तीन दुकानांनी मिळून जळगावला या. हॉटेलचा गालिचा घातलेला हॉल नको. एखाद्या शाळेचा वर्ग घ्या. फरशी, स्लॅब, लोखंडी खिडक्या, सगळं आमच्या घरांसारखंच. त्यात तुमचे स्पीकर कसे वाजतात ते आम्ही ऐकू, आणि तुम्हीही ऐका. भुसावळ, चोपडा, अमळनेर, धुळ्याकडची ऐकणारी मंडळी मी गोळा करतो. त्यांच्यात प्राध्यापक आहेत, रेल्वेतले आहेत, केळीवाले शेतकरी आहेत. चपला दाराशी काढूनच येतील, त्यामुळे त्या बघायला मिळणार नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गिऱ्हाईक
दीपनगर, ता. भुसावळ, जि. जळगाव

ता. क. जानेवारीत नाही जमलं तर फेब्रुवारी चालेल. मे मात्र नको. पुस्तिकेतला ५ ते ३५ चा पट्टा तुम्हालाही लागू पडेल.